त्राटिकेच्या टाचा

सावळघाट चढून आलेल्या एसटीतून उतरून
चिंधीबाई भोये माझ्या जिन्यात उभी राहिली.
सोबत नातू, हातात नागलीच्या पापडांची पिशवी.
"म्हातारा गेला. दिवस घालायचेत.
घरात फोटो नाही एक.
तुमच्याकडं लई असतील."

लई होते.
एकोणतीस वर्षं मी त्यांच्या बोहाड्याला गेले,
टेंभ्यांच्या उजेडात, रॉकेलचा धूर नाकात घेऊन,
संबळ वळला की शटर दाबत.
भद्रकालीतल्या या खोलीत रोल धुतले,
डेव्हलपरची मिनिटं मोजली
मागच्या गल्लीतल्या तांबटांच्या ठोक्यांवर.
तांबट चहाला उठले
की माझी निगेटिव्ह काळी पडायची.

माळ्यावर डबेच डबे:
तीन सिंहस्थ,
रंगपंचमीला रहाडीत उड्या घेणारी पोरं,
रामकुंडावर वस्तऱ्याखाली वाकलेली डोकी,
धुळवडीला टाक घेऊन नदीवर निघालेले वीर.
आणि एक लांबट डबा, वर माझंच अक्षर:
बोहाडा. लहानू भोये. त्राटिका.

टेबलावर पसरले सगळे.
त्राटिका झेपावताना, त्राटिका गिरकीत,
सुळे, जीभ, लाल लुगड्याचा घोळ,
पांगाऱ्याच्या लाकडावर उडालेला रंग.
चेहरा एकातही नाही.
मीच टाळला होता. मुखवटा उतरला
की मी लेन्सवर टोपण लावायचे.
सोंग संपलं, फिल्म महाग,
आणि घामेजलेला माणूस
कुठल्या मासिकाला हवा होता?

चिंधीबाई मुखवट्यांकडे बघतच नव्हती.
बोट फोटोच्या खालच्या कडेनं सरकवत होती,
तांदळात खडा शोधावा तसं.
"हा त्योच. टाच बघा की.
उन्हाळ्यात उलायची, मेण भरायची मी."
"हाबी."
"ह्यात दमलाय."

मग बोट थांबलं
त्या फोटोवर, ज्यानं मला दिल्ली दाखवली,
जो माणसाएवढा होऊन भिंतीवर चढला,
ज्याच्याखाली पितळी पट्टीवर
लहानूचं नाव होतं.
"हा आमचा नाही."
"मावशी, नीट बघा."
"बघू काय त्यात? हिवतापानं पडला होता त्या साली.
हा सोमा, धाकला दीर. करंगळी बघा,
शेजारणीवर चढलीय."

पट्टीचं मी सांगितलं.
ती हसली, दात नसलेल्या बाजूनं.
"तुम्ही इचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.
मुखवटा एकच व्हता. कुनीबी शिरंल."

शेवटची एसटी गेली होती. दोघं आत झोपली.
मी डोळ्याला भिंग लावून
सगळे कॉन्टॅक्ट शीट पुन्हा काढले,
लाल पेन्सिलीनं फुल्या मारलेलेसुद्धा.
पहाटे, एका फुलीच्या आत,
फोकस पलीकडे, पारावरच्या पोरीवर,
आणि डाव्या कडेला, चुकून आलेला, एक माणूस:
मांडीवर मुखवटा उताणा धरून
आतून पुसतोय पंचानं.
जिथं नाक बसतं तिथं दोनदा.
तोंड अर्धंच. डोळा एक.
मोठा केला तर नागलीएवढा दाणा आला.

सकाळी नातू म्हणाला, "ह्यो कोन?"
चिंधीबाईनं पदर डोक्यावर ओढला.
बराच वेळ बघितलं, मग सवयीनं
बोट खालच्या कडेला गेलं,
आणि तिथं कागद संपला होता.
"पाय न्हाई आलं," एवढंच म्हणाली.
पैसे विचारले. मी पापड ठेवून घेतले.

ती गेल्यावर लांबट डबा पुढे ओढला.
नाव खोडलं नाही.
पुढे लिहिलं: आणि सोमा. मग प्रश्नचिन्ह.
मागे तांबट बसले होते ठोकायला.
शिडी लावून मी सिंहस्थाचा पहिला डबा
माळ्यावरून खाली काढला,
आणि पायांपासून सुरुवात केली.